मुंग्या

सुरुवात बहुतेक वेळा अशीच:
पायांना मुंग्या आल्यात, डॉक्टर.
कुणी बूट काढून झटकतं,
कुणी कढत पाण्यात मीठ टाकून बसतं.
हार्लिंगेन बंदरातला वाम पकडणारा याप
तीन दिवस म्हणत राहिला, थंडी आहे, दुसरं काय.
चौथ्या दिवशी शिडीवर
त्याचे गुडघे घडी घातल्यासारखे मिटले.

मी एकतीस वर्षं डॉक्टर हिल्त्ये वीर्स्मांच्या शेजारच्या खोलीत
यंत्रापाशी बसले.
माझं काम बारीक झटके देण्याचं.
घोट्याला एक, गुडघ्यामागे एक,
आणि पडद्यावर लाट केव्हा उठते ते मोजायचं.
लाट उशिरा आली की दारातूनच त्या विचारायच्या,
"किती उशिरा, सीत्स्के?"
मी आकडा सांगायचे.
त्या चष्मा पुसायच्या. स्वच्छ असला तरी.

यापला त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतं.
मागच्या महिन्यात तुझं पोट बिघडलं होतं ना,
त्या जंतूशी तुझेच पहारेकरी लढले, जिंकले,
आणि मग चेहरा मिळताजुळता वाटला म्हणून
घरच्याच माणसावर धावून गेले.
नसांवरचं आवरण आता ते कुरतडतायत.
याप म्हणाला, माझा भाऊही असाच आहे.

त्यांच्या हातोडीचं रबर कधीच फाटलेलं.
त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला,
चिकटवणाऱ्या त्याच.
नवी हातोडी खणात, खोक्यातच राहिली.

एक गोष्ट त्या कुणाला सांगत नसत.
मला माहीत आहे, कारण कागद मीच लावायचे.
पहिल्याच वर्षी, फेब्रुवारीत,
तेर्प्स्त्रा नावाच्या गणिताच्या बाई आल्या होत्या. मुंग्याच.
"ताण आहे, विश्रांती घ्या," असं लिहून
यांनी त्यांना घरी पाठवलं.
दोन दिवसांनी बाई रुग्णवाहिकेतून आल्या,
आणि अकराव्या रात्री
श्वास यंत्र घेत असताना
हृदयच थांबलं.

तेव्हापासून प्रत्येकाला,
नुसती टाच बधिर झालेल्यालासुद्धा,
त्या सांगायच्या: एका दमात आकडे मोजा.
कुणी तिसापर्यंत जायचं, कुणी मुद्दाम चाळीस.
याप चौदावर अडकला.
त्याच संध्याकाळी त्याला वर, अतिदक्षता विभागात हलवलं.
पाच दिवस शिरेतून बाटल्या चालल्या,
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेल्या.
आपल्यात कोण कोण आलंय, हे त्याने पुढे
पापण्या मिटून, अक्षरांच्या पाटीवरून विचारलं.
डॉक्टर म्हणाल्या, एखादा बेल्जियनही असेल.
बोलता येत नव्हतं, तरी तो हसला,
असं त्या म्हणतात. मला दिसलं नाही.

मुंग्या येतात झुंडीने,
बरं होणं मात्र मुंगीच्या पावलांनी.
कमरेपासून अंगठ्यापर्यंतचा हिशेब
त्या कधी पूर्ण करून दाखवत नसत.
आणि ज्यांचं दुखणं जातच नाही, पुन्हा पुन्हा उलटतं,
त्यांच्यासाठी विमा कंपनीला पत्रं.
दर तीन आठवड्यांनी बाटली का लागते,
बरा दिसणारा माणूस बाटलीमुळेच बरा दिसतो,
हे एकच वाक्य नाना तऱ्हांनी.
त्यांची अर्धी कारकीर्द त्या पत्रांत गेली.
छापून आलेले निबंध मोजले तर कमी भरतील.

निरोपाच्या दिवशी केक होता, मलईचा.
याप काठी टेकत आला, वर्तमानपत्रात धुरावलेली वाम घेऊन.
"मुंग्या अजून आहेत," म्हणाला, "पण आता ओळखीच्या झाल्यात."
बाईंनी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर,
बूट-मोजे काढायला लावले.
घोट्यामागे हातोडी मारली.
पाऊल हललं नाही.
पुन्हा मारली.
खोलीत कुणी बोलेना.
"बरं," म्हणाल्या, "केक घे."

घरी जाताना वारा तोंडावर होता.
कालव्याकाठी सायकल चालवत
मी एका दमात आकडे मोजले.
तेविसाला थांबले.
वाऱ्यामुळे असेल.
उद्या पुन्हा मोजेन.